ओल आहे तोवर भीती नाही

मे महिन्यात भर दुपारी शहागडला दोरीवर टाकलेली सुती साडी दुसरी बादली पिळून होईपर्यंत वाळलेली असते. धुळे-सोलापूर महामार्ग इथे गोदावरी ओलांडतो. अलीकडे जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, पलीकडे बीडचा गेवराई. पारा चाळिशीच्या वर, हवा ठणठणीत कोरडी आणि वारासुद्धा भाजणारा. तीच साडी ऑगस्टच्या झडीत घरातल्या दांडीवर दोन-दोन दिवस लोंबते, कुबट वास धरते, आणि शेवटी कुणीतरी तिला इस्त्रीखाली घालून वाफा काढत बसतं. साडी तीच आणि पाणीही तेवढंच. बदलली ती हवा.

किती बदलली ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. 40 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 51 ग्रॅम वाफ मावते. मेमधल्या दुपारची आर्द्रता 20 टक्के धरली, तर त्यातली 10 ग्रॅमची जागा आधीच भरलेली आणि 41 ग्रॅमची मोकळी. ऑगस्टात 27 अंशांच्या हवेची ऐपत मुळातच 26 ग्रॅमच्या आसपास. आर्द्रता 85 टक्के असेल तर त्यातले 22 ग्रॅम आधीच बसलेले. साडीतल्या पाण्यासाठी उरली जेमतेम चार ग्रॅमची जागा. मेच्या मानाने दहावा हिस्सा.

आता ऑगस्टची हीच दमट हवा 60 अंशांपर्यंत तापवा. तिच्यातली वाफ वाढलेली नाही, पण 60 अंशांना एका घनमीटरची ऐपत 130 ग्रॅमवर जाते. हवा तापून फुगते, म्हणून त्या घनमीटरात आधीची वाफ 20 ग्रॅमच सापडते. मोकळी जागा झाली 110 ग्रॅमची, मे महिन्याच्या अडीचपटीहून जास्त. कपडे वाळवण्याचं मशीन करतं ते एवढंच. खोलीतली असेल ती हवा ओढायची, तापवायची, फिरत्या पिंपात उलटसुलट होणाऱ्या कपड्यांतून न्यायची आणि ओली झाली की नळीवाटे बाहेर फेकायची. ही सगळी जागा प्रत्यक्षात भरत नाही, कारण पाण्याची वाफ करता करता हवा स्वतः थंड होत जाते. तरी ऑगस्टच्या चार ग्रॅमपुढे तिची गोष्टच वेगळी.

इथे एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनच्या दुसऱ्या टबालाही ड्रायरच म्हणतात. तो गरगर फिरवून पाणी काढतो, पण काहीही तापवत नाही. मोठ्या लॉन्ड्रीत त्याच कामाच्या यंत्राला हायड्रो म्हणतात. या लेखातला ड्रायर म्हणजे गरम हवेचा. शहागडात वर्षातले आठेक महिने त्याची गरज कुणाला पडत नाही. पण अंबड, गेवराई, घनसावंगीकडची मुलं आता शिकायला आणि नोकरीला अमेरिका, कॅनडा, जर्मनीला जातात, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात धुण्याचं बोचकं घेऊन लॉन्ड्रोमॅटमध्ये उभी राहतात. भिंतीला ओळीने धुण्याची मशीन, समोरच्या भिंतीला एकावर एक रचलेले ड्रायर, नाणी टाकायची फट किंवा कार्ड लावायची जागा. माणूस कुणी नाही. ड्रायरवर तीन-चार बटणं: हाय, मीडियम, लो, कुठे डेलिकेट. घरून फोनवर सल्ला येतो तो बहुधा वाळवणाच्या अनुभवातून: कडक ऊन असलं की लवकर वाळतं, म्हणजे हायच दाब.

सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. अर्धा का, ते बघण्याआधी या दुकानांची थोडी गोष्ट.

स्वतःच्या हाताने कपडे धुऊन न्यायच्या या दुकानांची सुरुवात 1934 साली अमेरिकेत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात झाली असं सांगतात. चार विजेची मशीन आणि तासाच्या हिशेबाने भाडं. ती फक्त धुण्याची होती. ओलं बोचकं घरी नेऊन वाळत घालायचं. घरात ठेवण्याजोगा विजेचा ड्रायर 1938 मध्ये ‘जून डे’ या नावाने बाजारात आला. त्याच्या मागचा माणूस, जे. रॉस मूर, नॉर्थ डकोटातला. तिथल्या हिवाळ्यात दोरीवरचे कपडे वाळण्याऐवजी गोठून लाकडासारखे ताठ होतात, म्हणून त्याने हा उद्योग आरंभला. जून महिन्यातला दिवस हेच त्या मुलखातलं वाळवणाचं स्वप्न. आपल्याकडे जून म्हणजे वाळवणं गुंडाळायचा महिना.

बटणांमागचे आकडे कंपनीप्रमाणे आणि दुकानदाराने केलेल्या सेटिंगप्रमाणे बदलतात. ढोबळमानाने हाय म्हणजे ऐंशीच्या घरात, मीडियम सत्तरीच्या आसपास, लो 55 ते 60 आणि डेलिकेट पन्नासच्या जवळपास. पण हे तापमान कशाचं? बहुतेक मशिनांत ते मोजणारा सेन्सर पिंपातून बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेवर बसवलेला असतो. गॅसच्या बर्नरवरून आत शिरणारी हवा त्याहून पुष्कळ गरम असते, आणि कपडे पुष्कळ गार. बटणामागचा आकडा कपड्याचा नाहीच. सगळी गंमत, आणि सगळं नुकसानही, या फरकात आहे.

रांजणातलं किंवा माठातलं पाणी चाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही गार राहतं ते का, हे आपल्याकडे शाळेतलं पोरही सांगेल: पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. ओल्या कपड्याचं तेच होतं. शहागडच्या मेमध्ये सावलीत टांगलेला ओला पंचा 40 अंशांच्या हवेत असला तरी तो स्वतः 22-23 अंशांच्या आसपास असतो. ड्रायरमध्ये ऐंशी-नव्वद अंशांची हवा अंगावर येत असली, तरी चिंब ओला टी-शर्ट चाळिशीच्या आगेमागे घुटमळतो. हवेतून आलेली जवळजवळ सगळी उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. कापडाला तापायला काही उरतच नाही. वाळवणाच्या सुरुवातीचा मोठा काळ असाच जातो. या काळात हाय काय नि मीडियम काय, कापडाला त्याची फारशी झळ बसत नाही. फक्त पाणी कमी-जास्त वेगाने जातं.

मग धाग्यांच्या पृष्ठभागावरचं मोकळं पाणी संपतं. उरलेलं पाणी धाग्याच्या आत शिरलेलं असतं. ते बाहेर येईल तेवढंच उडतं. उडण्याचा वेग मंदावतो, उष्णता तेवढीच येत राहते, आणि कापडाचं तापमान चढायला लागतं. शेवटच्या आठ-दहा मिनिटांत ते हवेच्या तापमानाशी भिडतं. इलास्टिक सैल पडणं, टेरिकॉटवर सुरकुत्या पक्क्या बसणं, छापील चित्र तडकणं, हे बहुतेक या शेवटच्या मिनिटांचं काम. विद्यार्थी मात्र नाणं टाकलंय तर वेळ पुरता वापरून घेऊ म्हणून वाळलेले कपडे आत फिरू देतो.

हेच तत्त्व हाताशी धरणारे लोक आपल्या जालना जिल्ह्यातच भेटतात. अंबड, घनसावंगीकडे तुतीची शेती वाढली आणि 2018 साली जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी कोष विकायला शेतकऱ्याला थेट कर्नाटकात रामनगरपर्यंत जावं लागायचं. कोष विकत घेतल्यावर तो लगेच वाळवावा लागतो, कारण आतला प्यूपा जिवंत असतो. पतंग होऊन तो कोष फोडून बाहेर पडला की सलग धागा गेला. म्हणून गरम हवेच्या भट्टीतून कोष नेतात. सुरुवातीला हवा 110 अंशांच्या आसपास आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरवत शेवटी साठीच्या खाली-वर. पाच-सहा तास लागतात, आणि शंभर किलो ताजा कोष वाळून चाळीसेक किलो भरतो.

110 अंश हा आकडा रेशमासाठी भयंकर वाटतो. घरच्या इस्त्रीवरही रेशमाची खूण एवढ्याच्या आसपास असते, तीही क्षणभर फिरवण्यासाठी. पण सुरुवातीला प्यूपा पाण्याने भरलेला असतो, तो उष्णता खातो, आणि कोषाचं कवच वाचतं. शेवटच्या तासात पाणीच उरलेलं नसतं. तेव्हा 110 अंश तसेच ठेवले तर धाग्यावरचा सेरिसिन नावाचा डिंक कडक होतो, आणि पुढे गरम पाण्यात टाकलेल्या कोषाचं टोक सुटता सुटत नाही. म्हणून भट्टीवाला ओल असेतो आच मोठी ठेवतो, ओल गेली की उतरवतो.

लॉन्ड्रोमॅटमध्ये हेच करायचं. बऱ्याच मशिनांत चालू असतानाच बटण बदलता येतं, पैसे पुन्हा लागत नाहीत. जाड सुती कपड्यांचा बोजा असेल तर पहिली पंधरा-वीस मिनिटं हाय, मग दार उघडून हात घालून बघायचं, आणि पुढे लो. वेळ थोडा वाढतो, पण तुम्ही समजता तेवढा नाही. शेवटच्या टप्प्यात पाणी धाग्याच्या पोटातून किती झपाट्याने बाहेर येतं त्यावर बरंच अवलंबून असतं, आणि तिथे आच वाढवून मिळणारा फायदा आटत जातो.

हात घालून बघायचं म्हणजे कुठे? टॉवेलच्या मधोमध हात लावला तर तो नेहमी वाळलेलाच वाटतो. बघायची त्याची किनार, जिथे कापड दुमडून दोनदा शिवलेलं असतं. जीन्सचा कमरपट्टा आणि खिशाचा तळ, शर्टाची कॉलर, ब्रेसियरची पट्टी. या जागा सर्वांत उशिरा वाळतात. त्या किंचित दमट लागत असतील आणि बाकी कापड कोरडं असेल तर काम झालं. कपडे बाहेर काढून झटकले की उरलेली ओल त्यांच्याच उष्णतेवर उडून जाते.

आता प्रश्न असा की कोरडं म्हणजे नक्की किती कोरडं? कापूस पिकवणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायची गरज नाही. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदी केंद्रावर गाडी गेली की ग्रेडर कापसात मीटर खुपसतो. ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत भावात कपात, आणि 12 च्या वर गाडी परत. त्या मीटरवरून होणारी भांडणं मराठवाड्यात दर हंगामात ऐकू येतात. पण त्यातला शास्त्राचा भाग असा की 8 टक्के पाणी असलेला कापूसही कोरडाच मानला जातो. सुताचा स्वभावच तसा: साधारण दमट हवेत ठेवलेलं एक किलो सुती कापड 70-80 ग्रॅम पाणी आत धरून असतं आणि आपल्याला ते कोरडं ठक्क लागतं. लोकर याच्या दुप्पट पाणी धरते, रेशीम 11 टक्क्यांच्या आसपास. पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही.

ड्रायरमध्ये सुताचं हे हक्काचं पाणीही काढून टाकलं की कापड रखरखीत होतं, त्यातल्या पॉलिएस्टरला स्थिर वीज चढते, मोजे सदऱ्याला चिकटतात आणि काढताना चटचट ठिणग्या उडतात. घरी नेऊन कपाटात ठेवलं की ते पाणी कापड हवेतून परत पिऊन घेतं. म्हणजे ते उडवण्यात गेलेला गॅस आणि नाणी दोन्ही फुकट. महागड्या घरगुती ड्रायरमध्ये पिंपाच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओलं कापड त्यांना चाटून गेलं की त्यातून बारीकसा प्रवाह वाहतो, कोरडं झालं की थांबतो, आणि मशीन ओळखतं. खरेदी केंद्रावरच्या ओलावा मीटरची रीतही बहुधा हीच, विजेला कापूस किती अडवतो ते मोजायचं. लॉन्ड्रोमॅटमधली मशीन मात्र बहुतांशी घड्याळावर चालतात. पैसे संपेपर्यंत फिरणार, कापड कोरडं असो की ओलं. तिथे पट्ट्यांचं काम आपल्या बोटांनी करायचं.

कापडागणिक बोलायचं तर सर्वांत मजेचा टॉवेल. धुळे-सोलापूर रस्ता धरून शहागडहून दक्षिणेला गेलं की शेवटी सोलापूर लागतं, टेरी टॉवेलचं गाव. अमेरिकेतल्या लॉन्ड्रोमॅटमध्ये फिरणाऱ्या टॉवेलांत सोलापूरचे किती असतील सांगता येत नाही, पण असतात. टेरीच्या दोन्ही अंगांना सुताचे उभे फास असतात आणि त्यांतच पाणी साठतं. दोरीवर वाळवला की हा टॉवेल पत्र्यासारखा कडक होतो, हे सगळ्यांना माहीत. दोष साबणाला किंवा बोअरच्या जड पाण्याला दिला जातो. 2020 मध्ये जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठाच्या आणि काओ कंपनीच्या संशोधकांनी सुताच्या पृष्ठभागावर अगदी जवळून पाहिलं, तेव्हा आणखी एक कारण पुढे आलं. वाळल्यानंतरही धाग्यांवर उरणारा पाण्याचा अतिपातळ थर साध्या पाण्यासारखा वागत नाही; तो शेजारच्या तंतूंना एकमेकांशी खळीसारखा चिकटवून धरतो. स्थिर लोंबणाऱ्या टॉवेलात हे सांधे शांतपणे जुळत जातात. ड्रायरमध्ये आपटत-उलटत ते जुळायच्या आतच मोडतात, म्हणून टॉवेल मऊ निघतो. मऊपणा येतो तो फिरण्यामुळे; तापमानाचा त्यात वाटा कमी. वाळलेला कडक टॉवेल पाच-दहा मिनिटं बिनउष्णतेच्या हवेत फिरवला, किंवा दोरीवरून काढताना सडकून झटकला, तरी निम्मं काम होतं. आपल्या आज्या झटकायच्याच.

सुती कपडा आटतो तो आचेने जळून नव्हे. सूत तसं चिवट. सुती कापडावर इस्त्री 200 अंशांची चालते. विणताना धागे ताणलेले असतात, पाण्यात ते फुगतात, फुगले की आखडतात, आणि पिंपातल्या आपटण्याने त्यांना आखडायची मोकळीक मिळते. गिरणीतच कापड असं मुद्दाम आखडवून घ्यायची रीत सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाने 1930 च्या सुमारास बसवली. जुन्या कापडाच्या काठावर ‘सॅनफोराइज्ड’ असा शिक्का दिसायचा तो त्याच्याच नावावरून. होजियरीच्या बनियन-टीशर्टला मात्र हे पूर्ण साधत नाही, आणि ते ड्रायरमध्ये हमखास अर्धा बोट आखूड होतात.

पॉलिएस्टरचं दुखणं वेगळं. 70-80 अंशांच्या पुढे ते आतून सैल पडतं आणि ज्या स्थितीत गार होईल ती स्थिती धरून बसतं. गरम असताना बोचक्यात कोंबलेला टेरिकॉटचा शर्ट बोचक्याच्या चुण्या घेऊनच उतरतो, आणि मग परीटघडी करायला इस्त्रीचे पैसे मोजावे लागतात. शेवटची पाच-सात मिनिटं ड्रायर नुसती थंड हवा सोडत फिरतो ती याचसाठी. घाईत दार उघडून तो टप्पा चुकवू नये. लेगिंग, मोजे, चड्ड्यांतलं इलास्टिक आणि स्पॅन्डेक्स यांना मात्र थेट लो किंवा डेलिकेट. एकदा हायवर गेले म्हणून मरत नाहीत, पण दर आठवड्याला गेले तर वर्षभरात पट्टी लोळते.

लोकर ड्रायरमध्ये टाकायचीच नाही. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओल, ऊब आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर बाहुलीच्या मापाचा होतो. आई-वडिलांनी हौसेने दिलेलं घोंगडं कुणी तिकडे नेलं असेल तर त्यालाही हा नियम, वर त्याला चिंचोक्याची खळ असते ती निघून जाईल ती वेगळीच. पैठणीबद्दल काही सांगायला नको. गोदावरीच्या काठानेच वर गेलं की पैठण. तिथल्या विणकराला ड्रायरचं नाव काढून बघा.

खरं तर निवड करण्याआधीच कपड्याच्या आतली चिठ्ठी बघावी. चौकोनात गोल अशी खूण ड्रायरची. आंतरराष्ट्रीय पद्धतीत गोलात एक टिंब म्हणजे 60 अंशांपर्यंत, दोन टिंबं म्हणजे 80 पर्यंत, फुली म्हणजे दोरीवर. अमेरिकन चिठ्ठ्यांवर टिंबं तीनपर्यंत जातात. आणि एकाच बोज्यात टॉवेल आणि टी-शर्ट एकत्र घालू नयेत. टी-शर्ट वीस मिनिटांत वाळतो, टॉवेलला चाळीस लागतात. मधली वीस मिनिटं तो बिचारा कोरडाच भाजत राहतो. दोन ड्रायरचे पैसे वाचवण्याच्या नादात होणारं हे सर्वांत नेहमीचं नुकसान.

दुकानदाराच्या बाजूने पाहिलं तर हिशेब फिरतो. त्याला हवं असतं की गिऱ्हाइकाने लवकर वाळवून मशीन मोकळं करावं. म्हणून हायचा आकडा चढवायचा मोह होतो. लो फार कमी ठेवलं तर ‘तुमचं मशीन वाळवतच नाही’ म्हणून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात. पण तापमान हे त्याच्या हातातलं सर्वांत महागडं हत्यार आहे. पाच किलो कपडे धुण्याच्या मशीनने चांगले पिळले तर त्यांत तीन किलोच्या आसपास पाणी उरतं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 2400 किलोज्यूल लागतात; तीन किलोला 7200, म्हणजे बरोबर दोन युनिट वीज, तीही काहीच वाया न जाता. हाताने पिळून आणलेल्या तेवढ्याच कपड्यांत पाच किलो पाणी असतं. खर्च तीन युनिटांच्या वर. उलट सेमी-ऑटोमॅटिकचा टब पाच मिनिटं फिरवायला एका युनिटचा पन्नासावा भागही लागत नाही. पाणी फिरवून जेवढं काढता येईल तेवढं काढावं आणि हट्टाने उरलेलंच तापवून उडवावं, हा धंद्याचा पहिला हिशेब. दुसरा हवेचा. जाळीत लव साचली, बाहेरची नळी तुंबली किंवा दुकानात ताजी हवा यायला वाटच ठेवली नाही, की ओली हवा आतच घुटमळते. मग आकडा कितीही चढवा, कपडे गरम होतात पण वाळत नाहीत. गिऱ्हाइकांची तक्रार आली की आधी तापमान वाढवणारा दुकानदार आणि आधी जाळी उघडून बघणारा दुकानदार यांत दुसरा शहाणा.

ही लव म्हणजे कपड्यांचेच तुटलेले तंतू, बहुतांशी सूत, आणि ते पेटायला किती उत्सुक असतं हे जिनिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळात घरगुती ड्रायरमुळे वर्षाला सुमारे 2900 आगी लागतात असा अंदाज दिला होता. सर्वांत मोठं कारण, साधारण एक तृतीयांश प्रकरणांत, साफसफाई न करणं.

मग हाय हे बटण सबंध बोजाभर कधी दाबावं? एक प्रसंग आहे. परदेशातल्या जुन्या, भाड्याच्या घरांत ढेकणांचा उपद्रव मोठा असतो. ढेकूण आणि त्यांची अंडी उष्णतेला दबतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा सल्ला चादरी-कपडे ड्रायरमध्ये मोठ्या आचेवर अर्धा तास फिरवण्याचा आहे. इथे पाणी उडवायचं नसतंच, कपडा आतपर्यंत तापवायचा असतो, म्हणून कोरडे कपडे टाकले तर उलट बरं. वर सांगितलेली सगळी काळजी इथे उफराटी होते. चार इलास्टिकं गेली तर जावोत.

पावसाळी कुबट वासाचं मात्र तसं नाही. 2012 मध्ये काओच्याच संशोधकांनी त्या वासामागचा एक मुख्य आरोपी शोधला, मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू. तो धुण्यातूनही तगतो आणि कपडा ओला राहील तितका वेळ वाढत जातो. त्याला ओल हवी असते. ओल झटपट गेली की त्याचा मामला आटोपतो, मग आच मीडियम असली तरी चालते. ऑगस्टात घरी पंखा लावून कपडे विरळ टांगण्याचा उपयोग होतो तो याच हिशेबाने.

शेवटी तेलाचं. हॉटेल, ढाबा, मालिश किंवा स्वयंपाकघरातले तेल पुसायचे फडके धुऊनही पुरते सुटत नाहीत. तेल धाग्यात राहतं. मराठवाड्यातली करडई आणि जवस ही दोन्ही तेलं हवेत सुकणारी, म्हणून तर रंगांत वापरतात. सुकताना ती हवेतला प्राणवायू घेतात आणि उष्णता सोडतात. पसरलेल्या फडक्यातून ही उष्णता निघून जाते. ड्रायरमधून गरमागरम काढून ढीग करून ठेवलेल्या फडक्यांत ती अडकते, तापमान आणखी चढतं, तेल आणखी वेगाने सुकतं, आणि दुकान बंद झाल्यावर काही तासांनी ढीग आपोआप पेटू शकतो. लॉन्ड्रोमॅटच्या भिंतीवर तेलकट कपडे ड्रायरमध्ये टाकू नका अशी पाटी असते ती यासाठी. असे फडके दोरीवर सुटे सुटे टाकायचे. ड्रायरमध्ये चुकून गेलेच तर थंड हवेचा टप्पा पूर्ण होऊ द्यायचा आणि बाहेर काढल्यावर घडी न घालता मोकळे पसरून ठेवायचे.